तरवडाची माळ



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'वाळवंटातली रानफुलं आणि कलेची प्रेरणा'. तो वाचून पहिल्यांदा हसूच आलं. मराठी माणसाला वाळवंट म्हटलं की राजस्थान आठवत नाही, पंढरपूर आठवतं. चंद्रभागेचं वाळवंट. तिथं फुलं उगवत नाहीत, वारकरी जमतात. मी संयोजकांना फोन केला, म्हटलं, आपल्याकडे त्या अर्थाचं वाळवंट नाही. आपल्याकडे माळ आहे, सडा आहे, दुष्काळी मुलूख आहे. त्यावर बोललो तर चालेल का? ते म्हणाले, सर, तेच बोला. तेव्हा आज सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या कोरड्या जमिनीवरची फुलं, आणि त्या फुलांकडे आपल्या कलेनं कसं पाहिलं, याचा थोडा इतिहास सांगणार आहे.

सुरुवातीलाच एक कबुली देतो, कारण आजचं सगळं बोलणं तिच्यापासूनच सुरू होतं. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. डॉक्टरेट नुकतीच हाती आली होती, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचे दिवस होते. त्या भरात मी एक लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं. माणदेशाच्या साहित्यात माणूस आहे, फूल नाही. कारण भुकेल्या मुलखाला फूल परवडत नाही. वाक्य टाळी घेणारं होतं, आणि घेतलीही. सुट्टीत गावी गेलो तेव्हा कौतुकानं ते आईला वाचून दाखवलं. आमचं गाव माणगंगेच्या काठचं. आई शाळेत गेलेली नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग घटावर माळ कशाची सोडतो रं आपण?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे आहे. आज पंचाहत्तरीच्या आसपास त्याचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतोय.

आधी जमीन पाहू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेघ ओढली तर शंभरएक किलोमीटरवर दहिवडी येते, माण तालुक्याचं गाव. तिथं पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. एकाच जिल्ह्यात हा फरक. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे सगळे तालुके सह्याद्रीच्या पाऊसछायेत येतात. ढग डोंगरावर रिकामे होतात आणि पुढे नुसता वारा येतो.

पण कोरडेपणा फक्त पूर्वेला आहे असं समजू नका. पश्चिमेलाही एक वेगळं वाळवंट आहे. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, बाराशे मीटर उंचीवर, कासचं पठार. पाऊस तिथं धो धो पडतो, पण जमीन म्हणजे जांभ्या खडकाचा सडा. माती कुठं इंचभर, कुठं तेवढीही नाही. पाणी पडतं आणि वाहून जातं. दिवाळीनंतर तिथं जाऊन बघा. तव्यासारखा तापलेला काळा-तांबडा खडक आणि वाळलेलं गवत. सरकारी नकाशांत अशा पठारांची नोंद बरीच वर्षं 'पडीक' अशीच होत आली. आणि त्याच पठाराला २०१२ साली, पश्चिम घाटाचा एक भाग म्हणून, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. कागदोपत्री पडीक आणि जगाचा वारसा, दोन्ही एकच जमीन. आपल्या बघण्याबद्दल यातूनच बरंच कळतं.

कासवर ऑगस्ट-सप्टेंबरात काय होतं ते आता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेरड्याचा गुलाबी पट्टा, सोनकीचा पिवळा, गेंदाचे पांढरे ठिपके, आणि त्यांच्यामध्ये निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांची चादर. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. पण ही फुलं तिथं का आहेत? माती पातळ म्हणून. माती खोल असती तर झाडं आली असती, झाडांनी सावली केली असती आणि ही इवलीशी रोपटी संपली असती. उणेपणा आहे म्हणून फुलोरा आहे. या रोपट्यांना तीन महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुढचे आठ-नऊ महिने बी म्हणून नाहीतर कंद म्हणून खडकाच्या फटीत गप्प पडून राहायचं असतं.

सीतेची आसवं हे नाव किती कोवळं आहे! वनवासात सीतामाई रडली, तिची आसवं जिथं पडली तिथं ही फुलं आली, असं लोक सांगतात. वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात की ही वनस्पती मांसाहारी आहे. चिखलात तिच्या बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती त्याला ओढून घेते. खडकात नत्र नाही, मग ते मिळवायचं कुठून? तर असं. शेजारचं दवबिंदू, तेही कीटक धरतं, चिकट थेंबांनी. कंदीलपुष्पाचं फूल माशीला खात नाही, नुसतं कोंडून ठेवतं. नळीतले केस आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे माशी आत जाते, पण बाहेर येता येत नाही. परागीकरण झालं की केस कोमेजतात आणि माशीची सुटका होते. हे सगळं कळल्यावर फूल कमी सुंदर वाटतं का जास्त? हा प्रश्न जरा बाजूला ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

आता पूर्वेकडे या. माणदेशात चादर नाही. तिथं एकेक फूल वेगळं शोधावं लागतं. बांधावर तरवड, पिवळाधमक, भर उन्हातही टवटवीत. ओढ्याकाठी रुई. उकिरड्यावर धोतरा. बोडक्या टेकडीवर, दगडाच्या आडोशाला माकडशिंग. त्याच्या कांड्या गुराखी पोरं कच्च्या खातात, आंबट लागतात. कंदीलपुष्पाच्या जातीतलीच खरपुडी इथंही मिळते आणि तिचा कंदही पोरं उकरून खातात. आणि जमिनीला चिकटून पसरलेला सराटा. सराट्याचा काटा माहीत नाही असा माणदेशी माणूस तुम्हाला सापडणार नाही. मेंढक्याच्या वहाणेतून आरपार जातो तो. पण सराट्याला पाच पाकळ्यांचं, लिंबासारखं पिवळं फूल येतं हे किती जणांनी पाहिलंय? मी वयाच्या चाळिशीपर्यंत पाहिलं नव्हतं. आणि त्याच मातीत वाढलो होतो.

इतिहासाकडे वळू. या फुलांची पहिली काळजीपूर्वक चित्रं कुणी काढली? पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची एक वनस्पतिबाग होती. अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर तिची व्यवस्था पाहायचा. पुढे तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८४७ ते १८५० या काळात त्यानं बागेतल्या आणि आसपासच्या रानातल्या वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात आहेत. १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला. ग्रंथकारांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. वनस्पतींच्या लॅटिन नावांतही ही साहेबमंडळी जाऊन बसली. पण ती चित्रं काढणारा? तो पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. हे लक्षात ठेवा. फूल पाहणाऱ्या हाताचं नाव नसणं, ही आजच्या गोष्टीत पुन्हा येणारी बाब आहे.

गंमत अशी की विज्ञानानं या मातीला नाव द्यायला फार उशीर केला, पण दिलं तेव्हा मान दिला. पठारावरच्या पाणथळ जागी वायतुरा नावाची एक वनस्पती उगवते, तिची नर-मादी रोपं वेगळी असतात. १९८२ साली तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं आणि तिचं नाव ठेवलं गेलं अपोनोजेटॉन साटारेन्सिस, म्हणजे साताऱ्याची.

आता चित्रकलेचं एक मोठं ठिकाण पाहू, आणि तेही ऐन दुष्काळी मुलखात. खटाव तालुक्यातलं औंध. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. राजा स्वतः चित्रकार होता. १९१६ साली त्यांचं चित्ररामायण निघालं. अजिंठ्याला चित्रकारांना घेऊन ते गेले, तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या आणि १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तक काढलं. १९३८ साली यमाईच्या डोंगरावर त्यांनी जे संग्रहालय उभं केलं, तिथं रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. ज्या गावाला उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, त्या गावात हे! मी जेव्हा जेव्हा औंधला जातो तेव्हा माझी मान आदरानं खाली जाते.

पण त्या दालनांतून फिरून बाहेर आल्यावर मनात कुठली फुलं राहतात? माझ्या मनात तरी कमळंच राहतात. अजिंठ्याची कमळं. आणि संग्रहालयाच्या दारातून डोंगर उतरायला लागलं की नवरात्राच्या दिवसांत दोन्ही बाजूंना तरवड फुललेला असतो. हा मी राजाचा दोष मानत नाही. त्या पिढीला वाटत होतं की सुंदर काय ते अजिंठ्यानं, रविवर्म्यानं, युरोपनं ठरवलंय, आणि ते आपल्या लोकांपर्यंत आणणं हे आपलं काम. ते काम त्यांनी प्रामाणिकपणे केलं. दाराबाहेरचं फूल बघायचं राहून गेलं इतकंच.

साहित्यात काय झालं? औंध संस्थानातच तेव्हा आटपाडी होतं. त्या आटपाडी तालुक्याचं देणं पाहा. माडगूळचे ग. दि. माडगूळकर, त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर आणि आटपाडीचे शंकरराव खरात. तिघंही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, १९७३, १९८३ आणि १९८४ साली. एका कोरड्या तालुक्यानं दिलेली ही माणसं.

व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ साली आली, 'बनगरवाडी' १९५५ साली. तात्यांचा हात चित्रकाराचा होता, ते स्वतः रेखाटनं करत. त्यांच्या गद्यात शब्द कमी आणि मोकळी जागा जास्त. तरुणपणी मला वाटायचं की यात निसर्गवर्णन नाही. नंतर लक्षात आलं की बालकवींच्या हिरवळीची सवय लागलेला डोळा घेऊन मी ते वाचत होतो. माळ कसा दिसतो? फार मोठं आकाश, खाली उघडी जमीन, आणि मध्येच एखादं झुडूप. त्या झुडपाचा तपशील ठसठशीत दिसतो, कारण आजूबाजूला काहीच नसतं. माडगूळकरांचं वाक्य मला त्या माळासारखं वाटतं. फुलाचं वर्णन न करताही फूल जसं उगवतं तसं लिहिता येतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. माझ्या त्या जुन्या लेखातली पहिली चूक ही होती.

शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' १९८१ साली आलं. ते वाचल्याशिवाय या फुलांचा इतिहास पुरा होत नाही, असं मी म्हणतो. का, ते तरवडाच्या उदाहरणानं सांगतो. तरवडाचं फूल देवीला चालतं. त्याच तरवडाची साल कातडी कमावायला लागते. झाड एकच. फूल देव्हाऱ्यात गेलं, साल कातड्याच्या कुंडात गेली. आणि ज्या हातांनी साल काढली त्या हातांना देवळाची पायरी चढायची बंदी होती. तेव्हा कोरड्या मुलखातल्या लोकांनी फुलांवर किती प्रेम केलं असं नुसतं गोड बोलून मला पुढे जाता येणार नाही. फुलाकडे बघायची मोकळीकसुद्धा गावानं वाटून दिलेली होती.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल, म्हणजे तत्त्वज्ञानाबद्दल. घाबरू नका, दहा मिनिटांत संपवतो.

कांटनं १७९० साली सौंदर्यनिर्णयाची मीमांसा लिहिली, आणि त्यात मुक्त सौंदर्याचं पहिलं उदाहरण दिलं ते फुलाचं. फूल ही नेमकी कसली वस्तू आहे, तिचं काम काय, हे वनस्पतिशास्त्रज्ञाखेरीज फारसं कुणाला ठाऊक नसतं. आणि ते ठाऊक असलेला शास्त्रज्ञसुद्धा, फूल सुंदर आहे असं म्हणताना ते ज्ञान बाजूला ठेवतो. सौंदर्याचा आनंद म्हणजे ज्यात आपला काही मतलब नाही असा आनंद. हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलं. माझं ते टाळीचं वाक्य याच शिकवणुकीतून आलेलं होतं. भुकेल्या माणसाला मतलब सुटत नाही, म्हणून त्याला शुद्ध सौंदर्य दिसत नाही, असा माझा हिशेब होता.

आपल्याकडे या प्रश्नावर दोन मोठी माणसं बोलली. एक बा. सी. मर्ढेकर. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं मर्ढे, म्हणजे आपल्या आजच्या नकाशातलेच. 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ सालच्या पुस्तकात त्यांनी लयीचं तत्त्व मांडलं. संवाद, विरोध आणि समतोल. कलाकृतीतले घटक या तीन प्रकारांनी एकमेकांशी बांधलेले असतात. मर्ढेकर कलाकृतीबद्दल बोलत होते, माळावरच्या झुडपाबद्दल नव्हे. पण मला कासचा सडा पाहताना 'विरोध' हा शब्द नेहमी आठवतो. काळा खडक आणि त्याच्या भेगेतलं निळं फूल. बागेत फुलामागे फूल असतं, इथं फुलामागे दगड आहे. दगड काढून टाका, फूल अर्धं होऊन जाईल.

दुसरे रा. भा. पाटणकर. त्यांची 'सौंदर्यमीमांसा' १९७४ ची. त्यांनी दाखवलं की सौंदर्याची आपली कल्पना दोन ध्रुवांची आहे. एका ध्रुवावर शुद्ध, स्वायत्त, जगण्यापासून सुटलेलं सौंदर्य. दुसऱ्या ध्रुवावर जगण्यात गुंतलेलं, लौकिक सौंदर्य. आपलं बोलणं या दोन टोकांमध्ये हेलकावत असतं, आणि एकच टोक खरं मानलं की गोंधळ होतो. मी एकाच टोकाला उभा राहून माणदेश पाहिला होता. ही दुसरी चूक.

तिसरी चूक मला १९७२ सालानं दाखवली होती, पण मी ती पाहिली नव्हती.

७२ साली मी बावीस वर्षांचा होतो. बी.ए. झालेलो. लागोपाठ पाऊस हुकलेला. गावाबाहेर खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं. मला लिहिता-वाचता येतं म्हणून मस्टर लिहायला बसवलं. आई कामावर होती, आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बाया होत्या. दिवसभर हातोडा, संध्याकाळी हजेरी. मिलोच्या भाकरी खाऊन लोक दिवस काढत होते, पुढे सुकडी आली. त्यात नवरात्र आलं. घटस्थापनेच्या दिवशी काम सुटल्यावर बाया सरळ घरी गेल्या नाहीत, ओढ्याकडे वळल्या. ओढ्यात पाणी नव्हतं. काठावर तरवड होता, आणि फुललेला होता. तरवडाला दुष्काळ कळत नाही.

मी मस्टर काखेत मारून मागं उभा होतो, आईला घेऊन घरी जायचं म्हणून. बाया माळेसाठी फुलं खुडत होत्या. दिवसभर खडी फोडलेले हात, बोटांना चिंध्या बांधलेल्या. आणि त्या फुलं निवडत होत्या. एक घोस धरायचा, उलटासुलटा बघायचा, सोडून द्यायचा, दुसरा धरायचा. शेजारची म्हणाली, "ती नगं, मळकी हाय. ही घे, कशी उजेडावानी हाय." आईनं तो घोस घेतला.

त्या वेळी मला कंटाळा आला होता, भूक लागली होती, एवढंच आठवतं. त्यातलं महत्त्वाचं कळायला मला पुढची दहा-बारा वर्षं आणि आईचा तो प्रश्न लागला. घटाला माळ पाहिजे हे खरं. पण घटाला कुठलंही तरवडाचं फूल चालतं. मळकं चालतं, उजळ चालतं, देवी तक्रार करत नाही. मग निवडत का होत्या? त्या निवडण्यात कसला मतलब होता? पोट भरणार नव्हतं, मजुरी वाढणार नव्हती, कुणी बघणारही नव्हतं. कांट ज्याला मतलबाविना आनंद म्हणतो, तो त्या संध्याकाळी चिंध्या बांधलेल्या बोटांत होता. मी खिशात पदवी घेऊन शेजारी उभा होतो आणि मला दिसला नाही. आणि पाटणकरांचं दुसरं टोकही तिथंच होतं. कारण ते फूल घरी जाऊन घटावर चढणार होतं, घटाखाली वावरातली माती होती, मातीत धान्य पेरलेलं होतं, आणि पुढच्या सालानं तरी पाऊस पडावा ही मागणी त्या माळेत होती.

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर असं की आपल्या मुलखात फुलाची कला होती. मी ती चौकटीत आणि छापील पानांवर शोधत होतो. ती बायकांच्या हातात होती आणि दर साली नव्यानं करून, दर साली विसर्जित केली जात होती. गौरीला पाहा. आपल्याकडे कितीतरी घरांत गौर म्हणजे तेरड्याची जुडी. पाणवठ्यावरून तेरडा आणायचा, त्याला मुखवटा, साडी, आणि झाली गौर. कासवर लोक फोटो काढतात त्याच कुळातला हा तेरडा. मग नवरात्रात तरवड आणि कारळ्याच्या फुलांच्या नऊ माळा. हस्त नक्षत्राला मुली हादगा खेळतात, पाटावर नाहीतर भिंतीवर हत्ती काढतात, त्याला फुला-फळांच्या माळा घालतात, गाणी म्हणतात. शंभू महादेवाला धोतरा, मारुतीला रुई. मारुतीच्या गळ्यातली रुईची माळ आपण इतक्या वेळा पाहिली की पाहायचीच विसरलो. आणि दापोडीच्या चित्रकारासारखं इथंही, हे करणाऱ्या कुणाचंच नाव कुठं लिहिलेलं नाही.

जगात इतरत्र काय झालं तेही बघा. जॉर्जिया ओकीफ ही अमेरिकन चित्रकार १९२९ पासून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी प्रदेशात राहायला जाऊ लागली. तिनं १९३२ साली एक पांढरं फूल रंगवलं. कॅनव्हासभर एकच फूल. २०१४ साली ते चित्र लिलावात ४ कोटी ४४ लाख डॉलरला गेलं. ते फूल कसलं? धोतऱ्याचं! आपल्या उकिरड्यावरच्या धोतऱ्याचा सख्खा भाऊ. शिखर शिंगणापूरला शंभू महादेवाच्या पिंडीवर आपण जो वाहतो, त्याच जातीचा. ओकीफला ते फूल मोठं करून दाखवावंसं वाटलं, कारण लहान असताना लोक त्याच्याकडे पाहत नाहीत.

आणि इतकं लांब कशाला? आपल्याच दख्खनच्या पठारावर तेलंगणात बायका नवरात्रात बतुकम्मा करतात. तरवडाच्या, कुरडूच्या रानफुलांचे थर रचून देवळाच्या शिखरासारखी रास उभारतात, भोवती फेर धरतात आणि शेवटी तळ्यात सोडतात. तिथं तरवडाला तंगेडू म्हणतात. राज्य झाल्यावर त्यांनी बतुकम्मा हा राज्याचा सण केला आणि तंगेडू हे राज्याचं फूल. आपलं राज्यफूल ताम्हण. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, ताम्हण देखणाच आहे. पण तेच झुडूप एका मुलखात राज्याच्या मानाला चढलं आणि आपल्याकडे बांधावर राहिलं, ते का, याचा विचार करावा.

शेवटी पुन्हा कासला जाऊ. फुलं वर्तमानपत्रांतून, मग मोबाइलमधून सगळीकडे पोहोचली आणि माणसांचे लोंढे सुरू झाले. फुलांवर बसून, लोळून फोटो काढले गेले. मग रोजच्या माणसांवर मर्यादा आली, शुल्क आलं, तारेचं कुंपण आलं. काही वर्षांनी लक्षात आलं की कुंपणामुळे गुरांची चराई थांबली, गवत माजलं आणि फुलं कमी व्हायला लागली. मग कुंपण काढावं लागलं. म्हणजे ज्याला आपण निव्वळ निसर्ग समजत होतो, त्यात आसपासच्या गावांच्या गुरांचाही हात होता. फुलाभोवतीचं जगणं कापून फूल तेवढं वेगळं ठेवायला गेलो, तर फूलच रुसलं. माझ्या लेखातही मी हेच कुंपण घातलं होतं, शब्दांचं.

मघाशी एक प्रश्न बाजूला ठेवला होता. सीतेची आसवं किडे खातात हे कळल्यावर ती कमी सुंदर होतात का? माझं उत्तर, नाही. सीतेचं दुःख माहीत असणारी आजी आणि पिशव्यांचं काम माहीत असणारा शास्त्रज्ञ, दोघंही त्या फुलापाशी वाकतात. नुसता फोटो काढणाऱ्याला वाकायचीही गरज पडत नाही. ओंजळभर मातीत, दगडावर, तीन महिन्यांच्या मुदतीत हे जगणं कसं उभं राहिलं, हे कळलं की पाय आपोआप जपून पडतो. बघण्याची किंमत एवढीच असते, वाकायचं आणि पाय जपून टाकायचा.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तो लेख अजून माझ्या कपाटात आहे. त्यातलं ते वाक्य मी खोडलेलं नाही, समासात फक्त तारीख घालून 'तरवड' असं लिहून ठेवलंय.

येत्या नवरात्रात कुणी दहिवडी-आटपाडीच्या बाजूला गेलात, तर गाडी बांधाला थांबवा. तरवड दिसेल. एकदा उलटासुलटा करून बघा, आणि घटापुरताच खुडा.